वादळ येतंय म्हणतात, तेव्हा मी वहीत काय लिहिते

३ जून २०२० च्या सकाळी आमच्या वाडीत रोठा जातीच्या सुपारीची २१० झाडं होती. संध्याकाळी ६४ उभी राहिली. सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणून तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

आदल्या रात्री टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं की ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकणार. आमच्या श्रीवर्धनपासून अलिबाग सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटर, गाडीरस्त्याने त्याहून बरंच लांब. ‘वर जातंय, आपल्याकडे नाही’ असं म्हणून आळी झोपली, आणि अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेली मीसुद्धा झोपले. अंदाज चुकला नव्हता. वादळाचं केंद्र दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेलाच जमिनीवर आलं. वाचायला आम्ही चुकलो. आम्ही गावाचं नाव ऐकलं, बाजू पाहिली नाही आणि रुंदी पाहिली नाही.

माझ्याकडे सासऱ्यांचा बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजायचं यंत्र, होता (ते मालवाहू बोटीवर होते), पावसाची वही होती. दुपारी काय होणार ते सकाळी दहाला त्याच वहीत लिहिलेलं होतं. पण हवामान खात्याचं पत्रक आणि वहीतले आकडे मी कधी एकत्र ठेवून पाहिले नव्हते. आता ठेवते. कसं, ते सांगते. वादळ कुठे जाणार हे ठरवण्याचं काम हवामान खात्याचं आणि ते त्यांनाच करू द्यावं. आपलं काम एवढंच, की त्या पत्रकाचा आपल्या अंगणापुरता अर्थ लावायचा.

पत्रकातले शब्द

दर मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात बातम्या सुरू होतात, ‘अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र’. नुसत्या कमी दाबाला घाबरू नका, पण तारीख टिपून ठेवा. पुढच्या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात. ताशी ३१ किलोमीटरला डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ ला चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते इथे. ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, त्याही वर आणखी दोन पायऱ्या आहेत. हे सलग वाहणाऱ्या वाऱ्याचे आकडे. झोत त्याहून दहा-वीसने जास्त असतात आणि कौलं उडवतो तो झोत. दुसरी गोष्ट मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचे: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ६० चा वारा माडाला हलवतो, १२० चा त्याच्या चौपट जोराने ढकलतो.

डिप्रेशन झालं की दिल्लीहून दर सहा तासांनी पत्रक निघतं, चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी. खात्याच्या संकेतस्थळावर चक्रीवादळांचं वेगळं पान आहे, तिथेच ते वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नकाशावर तारीख आणि वेळ नसेल तर तो उघडूसुद्धा नका. आमच्या आळीत पुढच्या वर्षीच्या ‘तौक्ते’ वादळाच्या वेळी निसर्गचाच नकाशा फिरत होता आणि दोन घरं त्यावर विसंबून होती.

विंडीसारखं हवामानाचं ॲप मीही बघते, पण ठरावीक पद्धतीने. त्यात संगणकाने काढलेले अंदाज असतात, युरोपीय मॉडेल आणि अमेरिकी मॉडेल, दोन्ही उघडायची, आणि कालच्या वेळी दोघं काय म्हणत होती तेही वहीत लिहिलेलं हवं. दोघं एकमेकांजवळ येत असतील तर विश्वास वाढतो. एक ओमान म्हणतंय आणि दुसरं गुजरात, तर अजून काहीच ठरलेलं नाही, असं समजायचं. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ वादळाने कितीतरी दिवस असंच झुलवलं आणि शेवटी १५ तारखेला कच्छमध्ये जखाऊजवळ गेलं. पाच दिवसांपलीकडचे रंगीत नकाशे मी बघतच नाही.

कागदावर केंद्र मांडा

हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं. आलेखाचा कागद घ्या. उभ्या बाजूला अक्षांश, आडव्या बाजूला रेखांश. आपलं गाव मांडा. श्रीवर्धन १८.०४ उत्तर, ७३.०२ पूर्व. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे साधारण १०६.

प्रत्येक पत्रकात केंद्राचे अक्षांश-रेखांश आणि वेळ असते. समजा पहाटे साडेपाचला केंद्र १५.० उत्तर, ७१.२ पूर्वेला होतं, आणि साडेअकराला १५.६ उत्तर, ७१.४ पूर्वेला. सहा तासांत ते ०.६ अंश उत्तरेला सरकलं, म्हणजे ६७ किलोमीटर, आणि ०.२ अंश पूर्वेला, म्हणजे २१ किलोमीटर. एकूण सत्तरच्या आसपास, म्हणजे ताशी बारा किलोमीटर. आता पट्टी ठेवून तीच रेघ पुढे न्या. आपल्या अक्षांशापर्यंत अजून २.४४ अंश उरलेत, त्याला चोवीस तास लागतील, आणि तोवर केंद्र ७२.२ पूर्वेच्या आसपास आलेलं असेल. म्हणजे उद्या दुपारी बाराच्या सुमाराला केंद्र आपल्या पश्चिमेला ८५ किलोमीटरवरून जाईल.

इथे पेन्सिल खाली ठेवून थांबायचं. एक तर ही सरळ रेघ आहे. वादळ वळतं, आणि आपल्या भागात उत्तरेकडे जाता जाता बरेचदा ईशान्येला, म्हणजे आपल्याच अंगावर वळतं. म्हणून खात्याने पुढच्या २४ तासांसाठी दिलेला बिंदूही त्याच कागदावर मांडायचा. आपल्या रेघेपेक्षा तो खरा. दुसरं, चोवीस तासांच्या अंदाजात केंद्राच्या जागेत ढोबळमानाने ७०-८० किलोमीटरचा फरक पडू शकतो. हा दोष नाही, आजच्या शास्त्राची तेवढी पोच आहे, आणि पूर्वीच्या मानाने ती खूपच सुधारलीय. म्हणून खात्याच्या नकाशात रेघेभोवती पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा असतो. मी त्या ८५ च्या दोन्ही बाजूंना ८० लिहिते: ५ ते १६५ किलोमीटर. उद्या दुपारी वादळ जवळपास डोक्यावरूनही जाऊ शकतं आणि दीडशे किलोमीटर लांबूनही. वागायचं जवळच्या आकड्याप्रमाणे.

निसर्गच्या आदल्या रात्री मी हे केलं असतं, तर ‘अलिबागजवळ’ या शब्दात श्रीवर्धन आहे हे मला दिसलं असतं. फरक ७०-८० चा, आणि आमचं अंतर ७०.

उजवी बाजू

हे एवढंच कुणी लक्षात ठेवलं तरी मला पुरे.

आपल्या गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताच्या बाजूला, वाऱ्याच्या फिरण्यात वादळाच्या चालीची भर पडते. डाव्या बाजूला ती वजा होते. एकाच वादळाच्या दोन बाजूंना, केंद्रापासून सारख्याच अंतरावर, वारा वेगळा लागतो.

निसर्ग नैऋत्येकडून ईशान्येकडे जात होतं. ईशान्येकडे तोंड केलं की उजव्या हाताला आग्नेय, म्हणजे मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन आणि खाली मंडणगड, दापोली. डाव्या हाताला मुंबई. साऱ्या देशाचं लक्ष मुंबईकडे होतं आणि वाड्या झोपल्या आमच्या. शिवाय आमच्या बाजूला वारा समुद्रावरून जमिनीकडे येत होता, पाणी किनाऱ्यावर रेटत. मुंबईच्या बाजूला तो बराचसा जमिनीवरून समुद्राकडे होता.

तौक्तेचं उदाहरण याहून बोलकं आहे. मे २०२१ मध्ये ते महाराष्ट्राच्या जमिनीवर आलंच नाही. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेलं आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात, दीवजवळ जमिनीवर चढलं. पण उत्तरेकडे जाणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला काय येतं? आपला सगळा किनारा. मुंबईपासून ते दीडशेएक किलोमीटर लांब होतं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. ‘आपल्याकडे धडकणार नाही’ हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारते, जाणार कुठल्या बाजूने?

१४ मेला जीवना बंदरातून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला होता. “बाई, गुजरातला जातंय म्हणतात. होडी वर घेऊ का परवा बघू?” मी कागद समोर धरूनच बोलत होते. “परवा नाही रे, आजच घे. समुद्रातून जाऊ दे, आपण उजवीकडे आहोत.” त्याने घेतली, आणि शेजारच्या दोघांनाही घ्यायला लावली.

अंगणातून काय दिसतं

नेट जातं, वीज जाते, मोबाइलचा टॉवर पडतो. निसर्गनंतर आमच्याकडे वीज यायला कित्येक आठवडे लागले. म्हणून घरातली निरीक्षणं आधीपासून सुरू हवीत.

पहिला दाब. बॅरोमीटर नसेल तर काही मोबाइलमध्ये दाब मोजायची सोय असते, ॲप लागतं. हवेचा दाब रोज आपोआप दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या आसपास जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास कमी. सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्यात चांगल्या कोरड्या दिवशीही तीनेक मिलिबार उतरतात. हे माहीत नसलेला माणूस दुपारी घाबरतो. म्हणून आजच्या दहाची तुलना कालच्या दहाशी करायची, आजच्या आठशी नाही. बोटीवरच्या लोकांचा जुना नियम आहे: रोजच्या चढउताराचा हिशेब सोडून दाब नेहमीपेक्षा ३ मिलिबारने खाली आला तर संशय घ्या, ५ ने आला तर जवळपास वादळ आहे असंच धरा. माझ्या वहीत ३ जूनला सकाळी दहाचा दाब आदल्या दिवशीच्या दहापेक्षा ६ ने खाली आहे, आणि बाराचा १४ ने. दहाची नोंद करून मी वही मिटली आणि आमटीला फोडणी द्यायला गेले. ती दोन तासांची संधी होती.

मग वाऱ्याची दिशा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतं. वादळ नैऋत्येला असताना आपल्याकडे पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा येतो. मे-जूनच्या दुपारी, जेव्हा खारा वारा समुद्रावरून यायला हवा, तेव्हा तो जमिनीवरून येत असेल तर ही मोठी खूण. पुढे दर अर्ध्या तासाने दिशा लिहा. पूर्व, आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा वारा घड्याळाच्या दिशेने फिरत गेला, तर आपण उजव्या बाजूला आहोत आणि वाईट अजून यायचंय. पूर्व, ईशान्य, उत्तर असा उलटा फिरला तर डाव्या बाजूला. दिशा न बदलता वाढतच गेला आणि दाबही कोसळत राहिला, तर केंद्र सरळ आपल्यावर येतंय. अशा वेळी वारा एकदम पडला आणि आकाश उजळलं तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा, आणि त्याच्यामागून वारा उलट दिशेने येतो.

अंगणातली दिशा मात्र फसवते. आमच्या घराला डोंगर आहे, शेजारी दुमजली इमारत आहे. खालचे काळे ढग कुठून कुठे पळतायत ते बघा, ती दिशा जास्त खरी. त्याआधी, दीड-दोन दिवस अगोदर, पिंजलेल्या कापसासारखे उंच ढग एका बाजूकडून पसरत येतात, सूर्या-चंद्राला खळं पडतं. मग आकाश दुधी होतं. मग पावसाच्या सरी पट्ट्यापट्ट्याने येऊ लागतात: दहा मिनिटं झोडपून वीस मिनिटं उघडीप, आणि उघडीप दरवेळी कमी. दोन सरींमधला वेळ लिहून ठेवला की जवळ येणं आकड्यात दिसतं.

लाट वादळाच्या आधी पोचते. घड्याळ घेऊन अकरा लाटा मोजा आणि लागलेल्या सेकंदांना दहाने भागा. जवळच्या वाऱ्याची लाट पाच-सात सेकंदांची असते. बारा-पंधरा सेकंदांच्या जड, लांब लाटा येऊ लागल्या तर त्या लांबून आल्यात. पण लाट एकटी पुरावा नाही, कारण एप्रिल-मेमध्ये दक्षिण महासागरातूनही अशाच लांब लाटा आपल्या किनाऱ्यावर येतात. दाब आणि वारा यांनी दुजोरा दिला तरच. आणि वादळ लांब आहे म्हणून लाटा बघायला पुळणीवर जाऊ नका. बिपरजॉय शेकडो किलोमीटर लांब असताना गणपतीपुळ्याला लाट दुकानांपर्यंत येऊन माणसं पडली होती.

पाऊस किती

वादळ जितकं जोराचं तितका पाऊस जास्त, हा समज बरोबर नाही. पाऊस वादळाच्या चालीवर ठरतो. अमेरिकेतला एक जुना ठोकताळा मी किलोमीटरमध्ये बसवून घेतलाय: ४७०० ला वादळाच्या ताशी चालीने भागा, म्हणजे मार्गाजवळ पडू शकणारा एकूण पाऊस मिलिमीटरमध्ये. ताशी २० ने चाललंय तर २३५. ताशी १० ने, तर ४७०. एखादं नुसतं डिप्रेशन जागीच रेंगाळलं तर ते पळत्या वादळापेक्षा जास्त बुडवतं. हा सपाटीचा हिशेब. घाटमाथ्यावर त्याहून जास्त धरा, विशेषतः वादळ पुढे गेल्यावर वारा नैऋत्येचा झाला की, कारण तेव्हा ओली हवा सरळ सह्याद्रीवर चढते. वारा पडला म्हणून नदीकाठचे लोक निर्धास्त होतात, ते नेमकं याच वेळी.

पत्रकातला ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, ‘अतिजोरदार’ ११५.६ च्या वर, आणि ‘अत्यंत जोरदार’ २०४.४ च्या वर. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द जागांच्या संख्येबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार, म्हणजे चार गावांतल्या एकावर किंवा त्याहून कमी ठिकाणी, पण तिथे आभाळ कोसळेल. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. २०० मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला वीस हजार लिटर, दोन मोठे टँकर. आपल्या दहा गुंठ्यांतलं ते पाणी कुठल्या पाटातून बाहेर जाणार, हे मी आदल्या दिवशी वाडीत फिरून बघते आणि पाट मोकळे करून घेते.

भरतीचं गणित आपल्याकडे पूर्वापार आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. ५ जून २०२० ला वटपौर्णिमा होती, ३ तारखेला द्वादशी संपून त्रयोदशी लागली, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाची. वादळ आलं दुपारी, ओहोटी लागल्यावर. तीन तास आधी आलं असतं, तर उधाणाच्या पाण्यावर वाऱ्याने रेटलेलं पाणी चढलं असतं. म्हणून केंद्र पोचायची वेळ आणि भरतीची वेळ मी कागदावर शेजारी शेजारी लिहिते. दोन्हींत दोन तासांपेक्षा कमी अंतर असेल, तर खाडीकाठच्या घरांना मी स्वतः जाऊन सांगते, संध्याकाळ व्हायच्या आत.

वारा नैऋत्येला येऊन दाब चढायला लागला की वादळ आपल्याला सोडून चाललं. तेव्हा फोन लागत असेल तर पुण्याच्या पुतणीला करते, कारण घाट चढल्यावरही ते लगेच मरत नाही. निसर्गने त्याच दिवशी पुण्यातही झाडं पाडली होती. गाडी झाडाखालून काढ, एवढंच सांगते.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, कारण खात्याचा दिवसही साडेआठ ते साडेआठच असतो. सरळ बाजूंचा कुठलाही डबा चालतो, आत पट्टी उभी करून मिलिमीटर वाचा. बादली नको, तिचं तोंड रुंद असतं. जोराच्या वाऱ्यात डब्यात पाऊस कमीच पडतो, तेही शेजारी लिहून ठेवा. माझ्या वहीत ४ जून २०२० चा रकाना रिकामा आहे, डबाच उडून गेला होता. आताचा डबा मी तुळशीवृंदावनाशेजारी सिमेंटच्या कड्यात बसवून घेतलाय.